शून्याखालचा एक अंश

"तसं नाय मामा. ह्या मशीनला आकडं येत्यात, तुकडं येत नाय. पाच म्हणा, पन्नास म्हणा, पाच हजार म्हणा, घाम न येता गुणाकार करून देतं. साडेपाच म्हणलं की बसतं मांडी घालून."

"मंग साडेपाच मोजायचं कसं? आमच्या वाडीतलं शेंबडं पोर सांगतं साडेपाच."

"सव्वा किलो शेंगदाणे म्हणूच नका. बाराशे पन्नास ग्रॅम म्हणा. वजन तेच, तुकडा नाय. अंशाचं बी मी तसंच केलं. एका अंशाचे हजार दाणे पाडले. साडेपाच अंश म्हंजी साडेपाच हजार दाणे. आता सांगा, ह्याच्यात तुकडा कुठं राहिला?"

"साडे तर हायेच की अजून."

"बरं बाप्पा. पाच हजार पाचशे दाणे. गेला साडे?"

"आता गेला. आन ते टिंब? तुहा डबा तर टिंब देऊन दाखवतो."

"टिंब सगळ्यात शेवटी, काचेवर. लेकराच्या गालाला तीट लावत्यात तसं. हिशोबात त्याचं काय काम नाय."

हे बोलणं चाललं होतं विंचूरच्या अलीकडं, गेणूमामाच्या पडवीत. द्राक्षांची काढणी अर्ध्यावर आली होती आणि माल कुठल्या कोल्ड स्टोरेजला लावायचा ह्याचा मामाच्या डोक्यात घोळ होता. समजावणारी उज्वला, मामाच्या बहिणीची लेक. तिचं गाव नांदगावकडं, पण तिथं सातवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून दहावीपर्यंत ती मामाच्याच घरी राहिली. पुढं नाशिकला डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग, आणि आता अंबडच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडच्या माळ्यावर नोकरी. राहायला सिडकोत खोली.

इंजिनिअर झाली, पण पोरीनं जीभ काही धुवून घेतली नाही. मीटिंगमध्येसुद्धा "हे व्हनार नाय सर" असंच म्हणते. मालक योगेश सर नाशिक शहरातले, कॉलेज रोडचे. त्यांनी सुरुवातीला एकदा सुचवून बघितलं, की ग्राहकांसमोर जरा शुद्ध बोलत जा. तिनं विचारलं, "गिऱ्हाईक कोण हायेत आपले?" सर म्हणाले, "शेतकरी." "मंग सर, तुम्हीच जरा सुधरा की." तेव्हापासून ग्राहकांचे फोन तिच्याकडंच येतात आणि सर शुद्ध भाषेत बिलं पाठवतात.

तिचं काम नेमकं काय, हे मात्र घरात कुणाला धड सांगता येत नाही. ती ड्रायव्हर लिहिते, असं मामीनं एका लग्नात सांगून टाकलं. त्यानंतर तिला दोन स्थळं अशी आली की ज्यांच्याकडं गाडी होती आणि ड्रायव्हर नव्हता.

तर काम असं. योगेश सरांची कंपनी एक डबा बनवते. कोल्ड स्टोरेजच्या खोलीत सेन्सर लावायचा, त्याची वायर बाहेर ह्या डब्यात आणायची, की डबा आतली थंडी काचेवर दाखवतो आणि एक्सपोर्टवाल्याच्या मोबाईलवरही पाठवतो. सेन्सरचं बोलणं डब्याला समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर राहतो कर्नेलमध्ये, म्हणजे डब्याच्या मुख्य कारभारात, जिथून बाकीच्या सगळ्यांना हुकूम सुटतात. आणि डब्यातला प्रोसेसर आहे स्वस्तातला. महाग प्रोसेसरात दशांशाची, टिंबाची गणितं करणारा एक वेगळा भाग असतो. तो ह्याच्यात नाही. नसेना, एवढा काय फरक पडतो, असं कुणालाही वाटेल. पुण्याच्या समर्थला तसंच वाटलं होतं.

समर्थ हा सरांनी नेमलेला सल्लागार. तो अंबडला कधी आला नाही, व्हिडिओ कॉलवर दिसायचा. त्याच्या मागं पुस्तकांची मांडणी होती आणि तो हलला की त्याचा कान तिच्यात गायब व्हायचा, यावरून उज्वलानं ओळखलं की ते चित्र आहे. त्यानं ड्रायव्हर लिहून पाठवला. आत सेन्सरचं सूत्र, टिंबानंतर सहा-सहा आकडे, बघूनच धाप लागावी. त्याच्या लॅपटॉपवर त्याचं गणित लोण्यासारखं पळत होतं. डब्यात घातलं तर डब्यानं ते आत घ्यायलाच नकार दिला. दशांशाचा गुणाकार कोण करणार, एवढाच त्याचा प्रश्न.

"बोर्डचा प्रॉब्लेम आहे," समर्थ म्हणाला.

सरांनी उज्वलाकडं बघितलं. "म्हणजे नक्की काय?"

"सर, प्रोसेसर म्हंजी एक घर समजा. ह्या घरात मिक्सर नाय. घरातल्या बाकीच्यांना, म्हंजी साध्या प्रोग्रॅमांना, चटणी लागली तर ते पाटा-वरवंटा घेऊन बसत्यात. येळ जातो, पर व्हती चटणी. कर्नेल म्हंजी लग्नातला आचारी. चार चुली पेटल्यात, कढई उकळू राहिली, वाढपी वरडू राहिले. त्याच्याजवळ पाटा ठेवलेलाच नसतो. आन कुणी नेऊन दिला तर तो चटणी वाटत बसंल आन तिकडं भात करपंल."

"आणि मिक्सरवालं घर घेतलं तर?"

"तरी बी आचाऱ्यानं इचारल्याबिगर हात लावायचा नाय. भांड्यात आधीच दुसऱ्या कुणाचं वाटण आसतं. ह्यानं त्यात आपली मिरची घातली, का तिकडं खीर तिखट."

समर्थनं कॉलवर मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी नेमका पाटाच नेऊन दिला. दशांशाची गणितं आख्ख्या आकड्यांतून करून देणारा कोड त्यानं कुठूनतरी आणला आणि ड्रायव्हरच्या पोटात कोंबला. आता डब्यानं ड्रायव्हर आत घेतला, सेन्सर वाचला, आकडाही बरोबर आला. फक्त प्रत्येक वाचनाला डबा विचारात पडायचा. बटण दाबावं, चहाला जावं, परत यावं, तेव्हा तो हूं म्हणायचा. आणि फारच अंगावर आलं की स्वतःच बंद होऊन परत चालू व्हायचा. समर्थचं मत पडलं की प्रोसेसर बदला. सरांचं मत पडलं की प्रोसेसर बदलला तर डब्याचा भाव बदलतो. दोघं माझं खरं, माझं खरं करत बसले, तेव्हा उज्वला म्हणाली, "द्या हिकडं."

तिनं सगळे दशांश उपटून काढले. सूत्र परत मांडलं, सगळं दाण्यांत, आख्ख्या आकड्यांत. डबा पळायला लागला. सरांची एकच अट होती, टिंबानंतर दोन आकडे दिसले पाहिजेत, कारण एक्सपोर्टवाल्याला तसे आवडतात. सेन्सर ज्या कागदात गुंडाळून येतो त्यावरच छापलेलं असतं की हा अर्धा अंश इकडंतिकडं चुकू शकतो. ज्याला अर्धा अंश कळत नाही त्याच्या तोंडून शंभराव्या भागाची साक्ष काढायची, असं ते काम. पण गिऱ्हाईक देव असतं, आणि ह्या देवाला दोन आकड्यांचा नैवेद्य लागत होता. उज्वलानं तो दाखवला. आधी आख्खे अंश छापायचे, मग टिंब, मग उरलेले दाणे. सोपं.

पहिली चाचणी सिडकोतल्या आइस्क्रीमच्या दुकानात झाली. दुकानदाराच्या ओळखीनं सेन्सर फ्रीजरमध्ये सोडला. काचेवर आलं, उणे अठरा, टिंब, उणे बेचाळीस.

सर हसले. "दोन दोन उणे? एवढी थंडी?"

उज्वलाही हसली. आख्ख्या अंशांना उणे, उरलेल्या दाण्यांनाही उणे. तिनं तिथंच कट्ट्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि दाण्यांचं उणे काढून टाकलं. उणे एकदाच, पुढच्या आकड्याला. उणे अठरा पॉइंट बेचाळीस. दिसायलाही सुबक.

मग तिनं रीतसर तपासलं. टपरीवरचा चहा, रसवंतीवरचा बर्फ, परत तो फ्रीजर, स्वतःची काख. सगळीकडं डबा बरोबर. वरच्या बाजूला उकळत्या चहापासून खालच्या बाजूला गोठलेल्या आइस्क्रीमपर्यंत नाशिकमध्ये जेवढं ऊन आणि थंडी मिळते तेवढं सगळं तिनं मोजलं. मधला एक अंश राहिला. शून्य आणि उणे एक ह्यांच्यामधलं काही नाशिकच्या बाजारात मिळतच नाही. निफाडचा पारा दर थंडीत पेपरात येतो खरा, पण तोसुद्धा बहुतेक वेळा शून्याच्या अलीकडंच पाय मागं घेतो. त्या एका अंशात कुणी राहत नाही. फक्त द्राक्षं राहतात. एक्सपोर्टची द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात ती शून्याच्या खाली अर्धा अंश. रस गोड असतो म्हणून तेवढ्यात गोठत नाहीत. उणे दोनच्या खाली गेलं की मात्र देठ काळे पडतात आणि मण्यात काच होते.

हे उज्वलाला मामाकडं शाळेत असल्यापासून माहीत. म्हणूनच तर तिनं पडवीत बसून मामाला छातीठोक सांगितलं, की ज्या स्टोरेजला माझा डबा लावलाय तिथंच माल टाका. मामा कुरकुरला. इतकी वर्षं तो आत जाऊन, घड हातात घेऊन, अंगाला काय वाटतं त्यावर ठरवायचा.

"मानसाच्या अंगाला काय बी वाटतं मामा. सकाळी ताप आसला तर आग लागल्यासारखं वाटतं. आकड्यावर भरवसा ठेवा."

मामानं ठेवला. मामाचा भरवसा अर्धामुर्धा नसतो. त्यानं आख्खा तोडा तिथं लावला. उज्वलानं वर स्टोरेजच्या ऑपरेटरला, सहादूला फोन करून सांगितलं, की मामाच्या पेट्या जरा चांगल्या जागी ठेवा. सहादू शब्दाला जागणारा माणूस. खोली नंबर दोनमध्ये पंख्याच्या अगदी तोंडापुढं, जिथं थंडी सगळ्यात आधी येते, तिथं त्यानं मामाच्या पेट्या रचल्या.

फोन आला तो दोन दिवसांनी, सकाळच्या चहानंतर.

"ताई, सहादू बोलतो. डबा बरा हाय ना तुमचा?"

"का, काय झालं?"

"खोली दोन गरम दाखवू राहिलाय. शून्य पॉइंट बावन."

ह्या स्टोरेजमध्ये डबा म्हणजे नुसते डोळे. हात म्हणजे कंप्रेसरचा जुना नॉब, ज्याच्यावरचे आकडे सहादूच्या बोटांनी केव्हाच पुसून गेलेले. डब्याकडं बघायचं आणि नॉब फिरवायचा, असा तिथला कारभार.

"मंग नॉब खाली घ्या ना."

"घेतला. मंग तर एकसष्ट झाला."

"गॅस कमी झाला आसंल."

"परवाच भरला."

"दाराचं रबर बघा."

"नवंच हाय. लावलेल्या दिवशी माह्याकडून पेढे घेतले मॅनेजरनं."

आपला कोड सोडून जगातलं सगळं आधी तपासावं, ही इंजिनिअर लोकांची पहिली शिकवण. त्याप्रमाणं उज्वलानं रबर, गॅस, पंखा, लाईटचं व्होल्टेज आणि सहादूची नजर ह्यांच्यावर क्रमानं संशय घेतला. सहादू प्रत्येक वेळी बघून यायचा, नॉब अजून जरा खाली घ्यायचा आणि परत फोन करायचा. दुपारच्या जेवणाची वेळ झाली तोवर आकडा शून्य पॉइंट ब्याऐंशीवर गेला होता. एक्सपोर्टवाल्याचा फोन येऊन गेला, मोबाईलवर हे काय दिसतंय, थंड कर म्हणून. आणि माल बघायला आलेला गेणूमामाही तिथं पोचला होता. सहादूनं फोन स्पीकरवर टाकला.

"उजे, म्या हाय. आतमदी जाऊन आलो."

"कसं वाटलं मामा?"

"कानं ठणकू राहिले. दातावर दात बसंना. नाकातून पाणी."

"आन तरी गरम म्हणता?"

"म्या कुठं म्हणतो? तुहा डबा म्हणतो."

उज्वलाच्या हातातली पोळी हातातच राहिली. खाली घेतलं की आकडा वर. अजून खाली, अजून वर. बावन्न, एकसष्ट, ब्याऐंशी. आरशात बघून भांग पाडल्यासारखं सगळं उलटं. तिच्या डोळ्यापुढं आइस्क्रीमच्या दुकानातला कट्टा आला. उणे फक्त पुढच्या आकड्याला लावायचं, असं तिनंच ठरवलं होतं. पण शून्याच्या खाली ब्याऐंशी, म्हणजे पुढचा आकडा शून्य. आणि मशीनच्या आख्ख्या आकड्यांत उणे शून्य असं काही नसतंच. शून्य ते शून्यच. त्याच्या कपाळाला उणं चिकटत नाही, आणि मागच्या दाण्यांचं उणं तिनं स्वतःच्या हातानं पुसलेलं. उणे पॉइंट ब्याऐंशीचं काचेवर सरळ ब्याऐंशी झालं होतं. उणे अठराला डबा खरा, उणे एकलाही खरा. फक्त द्राक्षं जिथं राहतात तेवढ्या एका अंशात तो खोटं बोलत होता, आणि तेही टिंबानंतर दोन आकड्यांपर्यंत नेमकं.

सेन्सर दारापाशी. मामाच्या पेट्या पंख्यापुढं. दारापाशी एवढं असलं तर तिथं किती, हा विचार तिनं पुरता केलाच नाही.

"सहादूभाऊ, नॉब वर घ्या. आत्ताच्या आत्ता. डबा खोटं बोलू राहिला."

पंख्याच्या घोंघाटातून सहादूचा आवाज आला.

"ताई, पॉइंट ब्याऐंशीला वर घेऊ? आन तो एक्सपोर्टवाला? त्याच्या मोबाईलवर बी हेच हाय."

"त्याच्या मोबाईलवर बी माह्याच डब्यातून जातं! मामा, तुम्ही सांगा त्यांना. तुमचे कानं ठणकले ना?"

"ठणकले. पर मानसाच्या अंगाला काय बी वाटतं."

"मामा!"

"तूच म्हणली ना पडवीत? आकड्यावर भरवसा ठेवा."

"आहो, तो आकडा मी बनवलाय!"

"म्हणूनच तर ठेवला."

तिनं शेंगदाण्यांपासून परत सुरुवात करून बघितली. मामा हूं हूं म्हणत राहिला. मध्येच सहादूचा आवाज आला, "ताई, तुम्ही बोला निवांत, म्या तवर फुल्ल फिरवून टाकतो. एकदाचा गार होऊ दे." आणि नॉबचा कट्ट आवाज फोनमध्ये ऐकू आला.

तिच्या लक्षात आलं की ही माणसं आता तिचं ऐकणार नाहीत. तिनंच शिकवलंय कुणाचं ऐकायचं ते. त्यांना सांगायचं तर डब्याच्याच तोंडून सांगायला पाहिजे.

जेवणाचा डबा बाजूला सारून, तेलकट बोटं ओढणीला पुसून, तिनं लॅपटॉप ओढला. दोन ओळींचं काम होतं. आकडा शून्याच्या खाली आहे का ते आधी बघ. असला तर उणे आधी लिहून घे, मग बाकीचं सरळ छाप. लिहायला वेळ लागला नाही. तयार करून पाठवायला लागला, कारण डब्यात मोबाईलचं सिम, आणि विंचूरच्या त्या कोपऱ्यात नेटवर्क असतं तेव्हा असतं. किती गेलं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. सर मागं येऊन उभे राहिले आणि काय चाललंय म्हणून विचारलं. "द्राक्षं गोठू राहिलेत सर, बोलू नका." पट्टी हलली.

नवा ड्रायव्हर बसवायचा तर जुना आधी उपटावा लागतो. तेवढ्यात काच काळी झाली.

"गेला!" मामा फोनमधून ओरडला. "मेला डबा! उजे, पार मेला!"

"थांबा मामा."

"आरं सहादू, हात नको लावू, ती काय तरी करू राहिली."

काच उजळली. उज्वलानं विचारलं, "काय दिसतं?"

सहादू एकेक अक्षर चावत वाचत होता. "उणे… शून्य… पॉइंट… सत्त्याण्णव. आयला. ताई, आत्ता तर शून्याच्या वर नव्वद व्हतं! उणे सत्त्याण्णव! काय केलं काय तुम्ही?"

"काय नाय केलं. व्हतंच तेवढं. नॉब वर घ्या आता."

"घेतो ना! उणे सत्त्याण्णव म्हंजी लय झालं. एक्सपोर्टवाला जीव घेईल." आणि जो माणूस एवढा वेळ हातापाया पडूनही ऐकत नव्हता, त्यानं आकडा बघितल्याबरोबर नॉब अर्धा फेरा मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वला स्कूटी काढून विंचूरला गेली. खोली दोनमध्ये पंख्यासमोरच्या पहिल्या रांगेतल्या पेट्यांचे देठ काळे पडले होते. तो माल मामानं बाजूला काढला आणि गावच्या बाजारात पाठवून दिला. मागचा सगळा हिरवागार, ताठ देठाचा. तो कंटेनरमध्ये चढला.

तिनं मामाला बाजूला घेतलं आणि जे झालं ते काही न लपवता सांगितलं. चूक डब्याची नव्हती, डब्याला शिकवणारीची होती. खोली आधीपासूनच थंड होती. तिनं फक्त आकडा दुरुस्त केला. मामानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग चार लोकांकडं वळून म्हणाला, "पोरगी लय साधी हाय. अंबडात बसून विंचूरची खोली गार केली, आन सांगती काय, तर काय नाय केलं."

"मामा, गार नाय केली. गारच व्हती. आन पुढच्या पेट्या माह्यामुळं गेल्या. चांगल्या जागी ठेवा म्हणून मीच सांगितलं व्हतं."

"तू जागा चांगलीच सांगितली. पंखाच हरामखोर."

सहादूनं तर पाहिलंच होतं. काच काळी झाली, पोरीनं काहीतरी मंत्र टाकला, काच उजळली आणि वरचा पारा दोन अंशांनी खाली आपटला. कंप्रेसरला जे दिवसभर जमलं नाही ते तिनं फोन कानाला लावून केलं. मॅनेजरला सांगितलं, बाजूच्या स्टोरेजमध्ये सांगितलं, एक्सपोर्टवाल्याला सांगितलं. एक्सपोर्टवाल्यानं योगेश सरांना फोन केला आणि सगळ्या खोल्यांना असलाच डबा पाहिजे म्हणाला, तो लांबून गार करणारा.

"सर, डबा गार करत नाय," उज्वला म्हणाली. "ती माही चूक व्हती. दोन ओळींची."

"ग्राहकाला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांना पटंना."

सरांनी बिलबुक पुढं ओढलं. "मग आपण कशाला हट्ट करायचा?"

पुण्याहून समर्थचं पत्र आलं. दशांशाचं गणित ठेवलं असतं तर उणं हरवलं नसतं, असं त्यानं सभ्य शब्दांत लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. उज्वलानं उत्तर दिलं, की तुमचं बरोबर आहे, फक्त त्या दुपारी तुमचा डबा बंद होऊन परत चालू होत राहिला असता आणि आम्ही उण्याची वाट बघत बसलो असतो. मग जरा विचार करून तिनं पुढचं सगळं खोडलं आणि नुसतं "तुमचं बरोबर आहे" एवढंच पाठवलं. माणूस लांब पुण्याला राहतो, त्याला तेवढं तरी सुख असू दे.

आठवडा गेला असेल. माळ्यावर पत्रा तापला होता, टेबलावर नवीन काम येऊन पडलं होतं, कांद्याच्या चाळीसाठी हवेतला दमटपणा मोजायचा डबा. फोन वाजला.

"ताई, सहादू बोलतो. कामात हाय का?"

"बोला सहादूभाऊ. डबा बराय ना?"

"डबा एक नंबर. खोली तीन जरा गरम वाटू राहिली. म्हणलं, तुम्ही तिथूनच वाईच गार करून देता का?"

"नॉब हाय ना तुमच्यापाशी?"

"हाय. पर नॉबनं येळ लागतो. तुमच्या हातानं पटकन व्हतं."

"नॉब फिरवा भाऊ."

"बरं, तुम्ही म्हणताय तर फिरवतो. नाय झालं तर परत लावू का फोन?"

"लावा."

तिनं फोन उपडा ठेवला, खुर्ची पंख्याखाली ओढली आणि दमटपणाच्या सेन्सरचा ड्रायव्हर उघडला. शंभर टक्क्यांच्या वर हवा गेली तर हा काय छापतो, ते आधी बघायचं होतं.